मरणाच्या कारणाचा रकाना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा चार-पाच जणांना विषय दिला आहे, ‘शाळा सुटल्यावर मी काय केलं’. आधी बोललेल्यांचं काम सोपं होतं. कुणी दवाखाना काढला, कुणी शेततळं केलं, कुणी सुरतेला जाऊन दुकान थाटलं. माझी पंचाईत अशी, की मी संख्याशास्त्र शिकलो आणि गेली तीस वर्षं मेलेल्या माणसांचा हिशोब करतो. माणसं कशाने मेली असं कागदावर लिहिलं गेलं, आणि दीडशे वर्षांत ते लिहिणं कसं बदलत गेलं, हा माझा अभ्यास. आनंदाच्या दिवशी असला विषय काढू नये असं बायकोने बजावलं होतं. पण तुमच्यापैकी प्रत्येकजण हेच काम करतो. गावात कुणी गेल्याचं कळलं, की तोंडातून पहिला प्रश्न काय निघतो? ‘काय व्हयनं व्हतं?’ आणि उत्तर येतं, ‘तीन दिन ताप उना नि गया.’ बस्स, माझा सगळा विषय या दोन वाक्यांत आहे. फरक इतकाच, की मी हा प्रश्न कागदाला विचारतो.

कोणता कागद? गाव नमुना १४, म्हणजे गावाची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही. आपल्याकडे तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. आज या मांडवात बसलेल्या अनेकांनी ती पाहिली असेल, कारण जात पडताळणीसाठी पोराचा कागद लागला की सगळ्यांना पणजोबा आठवतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचं, मोडी वाचणारा माणूस गाठायचा, आणि १९२०-३० सालच्या पिवळ्या पानावर जातीचा रकाना शोधायचा. २०२३ पासून तर कुणबी नोंदींसाठी राज्यभर ही दप्तरं उघडली गेली. एवढी माणसं कधी त्या वह्यांपाशी गेली नव्हती. पण जातीच्या रकान्याची नक्कल मिळाली की वही बंद होते. त्याच ओळीत पुढे आणखी एक रकाना असतो, मरणाचं कारण. तो कुणी वाचत नाही. मी तो वाचतो.

तो रकाना भरायचा कोण? १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्यात सॅनिटरी कमिशनर नावाचा अधिकारी असे. दरवर्षी कुठल्या जिल्ह्यात किती माणसं कशाने मेली, याचा तक्ता त्याला छापायचा असे. पण आकडा निघायचा गावातून. कोणी गेलं की कोतवाल चावडीवर सांगायचा, पाटील-कुलकर्णी वहीत लिहायचे, महिन्याचा गोषवारा तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला. या साखळीत डॉक्टर कुठेही नव्हता. रोगाचं निदान कोतवालाचं आणि अक्षर कुलकर्ण्याचं.

आणि लिहायला रकाने किती? जेमतेम सात-आठ. पटकी, देवी, ताप, हगवण-आव, छातीचे रोग, अपघात-इजा, आणि शेवटी ‘इतर’. पुढे प्लेग आला तेव्हा प्लेगचा रकाना वाढला. आता विचार करा, यातल्या कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवायचा? देवी आलेल्या माणसाचं अंग कुणालाही ओळखू येतं. पटकीही तशीच, एका रात्रीत ढाळ-उलट्यांनी माणूस पार सुकून जातो. साप चावला, विहिरीत पडला, झाडावरून कोसळला, हे सगळ्या गावाला माहीत असतं. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं, ते कोतवालाने बरोबर लिहिलं. म्हणूनच देवीची लस पसरत गेली तशी देवीच्या रकान्यातली रेघ खाली येताना आपण विश्वासाने पाहू शकतो. छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, अन्नाबरोबर चांगलं पाणीही आटलं. तेव्हा पटकीची रेघ वर गेली, तीही खरीच.

पण ज्या आजाराची खूण अंगावर दिसत नव्हती, तो सगळा गेला ‘ताप’ या एका रकान्यात. हिवताप, विषमज्वर, क्षय, न्यूमोनिया, बाळंतपणानंतरची बाधा, सगळ्यांना अंग तापतं, म्हणून सगळे ताप. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वार्षिक तक्त्यांत कित्येक वर्षं निम्म्याहून अधिक मृत्यू एकट्या तापाच्या नावावर आहेत.

आपण हसू नये. लंडनमध्ये १६६२ साली जॉन ग्राँट नावाच्या एका कापडवाल्याने शहरातल्या मृत्यूंचे साप्ताहिक तक्ते गोळा करून त्यांचा पहिला अभ्यास छापला. त्या तक्त्यांत मरणाचं एक कारण लिहिलेलं आहे, ‘दात’. तान्ही बाळं दात येण्याच्या वयात जात, म्हणून दात. आपल्या आज्याही म्हणायच्या, ‘दात येताहेत, जुलाब होणारच.’ जगभर या रकान्याची सुरुवात अशीच झाली. रोगांची सगळ्यांनी मिळून एकच यादी वापरावी असं ठरायला १८९३ साल उजाडलं. झाक बर्टियाँ या फ्रेंच माणसाने ती यादी केली, आणि तिच्याच वंशातली यादी आजही जगातले दवाखाने वापरतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरमध्ये पिंपळनेर हा स्वतंत्र तालुका आहे. तालुक्याचं ठिकाण साक्रीला गेलं ते नंतर. पश्चिमेची ही डोंगराची, जंगलाची पट्टी तेव्हा तापासाठी बदनाम होती. तो ताप म्हणजे मुख्यतः हिवताप. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, पण कोतवालाच्या वहीत मात्र पुढची कित्येक वर्षं ‘ताप’च राहिला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला आठ लाख माणसं हिवतापाने मरत असावीत असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपण लहान असताना फवारणीवाले यायचे, भांडीकुंडी बाहेर काढावी लागायची, आणि ते जाताना भिंतीवर तारीख लिहून जायचे. बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेणारा कर्मचारीही तुम्हाला आठवत असेल. पोरं त्याला पाहून पांझरेच्या काठाने पळत सुटायची. तो थेंब म्हणजे या रकान्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. ‘ताप आहे का’ याच्या पुढे जाऊन ‘कोणता ताप’ असं आपल्या गावात त्या काचेने विचारलं.

मंडळी, कारण हरवतं ते तीन प्रकारांनी. पहिला प्रकार मी सांगितला, ओळखू येत नाही म्हणून. दुसरा प्रकार, ओळखू येतं पण त्याला रकानाच नाही म्हणून. याचं सर्वांत मोठं उदाहरण १९१८ चं. त्या वर्षी पाऊस फसला होता आणि पावसाळ्याच्या शेवटी इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली. मुंबई इलाख्यात ऑक्टोबरमध्ये कहर झाला. देशात किमान सव्वा कोटी माणसं गेली असावीत, काही अभ्यासक त्याहून बरीच जास्त सांगतात. पण गावच्या नमुन्यात इन्फ्लुएन्झा हा शब्द नव्हता. कुलकर्ण्याने काय लिहिलं? ताप. कागद वाचला तर १९१८ साली खानदेशात काही नवीन घडलंच नाही, नेहमीचा ताप जरा जास्त आला, इतकंच.

मग आपल्याला कसं कळलं? साधा हिशोब आहे, सरांनी सातवीत शिकवलेला. दरवर्षी ऑक्टोबरात सरासरी किती माणसं जातात ते काढायचं. १९१८ च्या ऑक्टोबरात किती गेली ते पाहायचं. वजाबाकी करायची. जास्तीचे आकडे म्हणजे त्या साथीचे बळी. रकान्यातलं कारण चुकलं तरी तारीख बरोबर होती, आणि नुसत्या तारखेने सत्य सांगितलं. १९२१ च्या शिरगणतीत तर ते आणखी ठळक दिसलं. देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली, असं ते एकमेव दशक आहे.

ही वजाबाकी जुनी झालेली नाही. करोनात २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे ४ लाख ८० हजार माणसं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने हीच वजाबाकीची रीत वापरून ४७ लाखांचा अंदाज मांडला. भारत सरकारने ती पद्धत मान्य केली नाही. वाद मोठा आहे, मी त्यात आज शिरत नाही. पण शंभर वर्षांनीही भांडण तेच आहे, रकान्यात काय लिहिलं आणि माणसं किती गेली, याचं.

तिसरा प्रकार, भीतीने किंवा लाजेने लपवलेलं कारण. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. घरात शिरून तपासणी, रोगी छावणीत, सामान जाळायचं. पुण्यात त्यातून काय झालं ते आपण रँडच्या धड्यात शिकलो. त्याच पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. पण सामान्य घरात प्लेगने माणूस गेला तर सांगायचं कुणी? ‘ताप होता’ म्हणायचं आणि रातोरात अंत्यविधी उरकायचा. मुंबईत त्या वर्षी प्लेगच्या नावावर जेवढे मृत्यू लिहिले गेले, त्यापेक्षा शहरातले एकूण मृत्यू कितीतरी जास्त वाढले होते.

तुम्हाला १९९४ चा सप्टेंबर आठवतो? सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली आणि आपली किती माणसं उधना-लिंबायतहून मिळेल त्या गाडीने गावाकडे आली. तेव्हाही कोण कुठून आलं हे कुजबुजत बोललं जात होतं. भीती बदलत नाही, रोगाचं नाव तेवढं बदलतं. आजच्या लाजेची नावं मी वेगळी सांगायला नको. क्षय, एड्स, आणि शेतात फवारणीचं औषध पिऊन गेलेला माणूस.

हे सगळं वाचून कळतं. पण त्याचा अर्थ मला कळला तो आमच्याच घराच्या ओळीत. पुतण्याच्या जात पडताळणीसाठी आमच्या मूळ गावचं १९२७ सालचं पान काढलं. आजोबांचं नाव सापडलं, जातीचा रकाना सापडला, काम झालं. सवयीने मी पुढचा रकाना पाहिला. ती मृत्यूची नोंद होती. नाव नव्हतं, फक्त आजोबांचं नाव आणि पुढे ‘याची बायको’. वय २०. कारण ताप. आजोबांचं आजीच्या आधी एक लग्न झालं होतं हे घरात पुसट माहीत होतं, त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी जन्माची पानं उलटली. त्या मृत्यूच्या नऊ दिवस आधी एक जन्म होता, मुलगी, बापाचं नाव आजोबांचं. आणि पुन्हा मृत्यूच्या पानावर, आईच्या दोन दिवस आधी, तीच मुलगी. कारण अशक्तपणा.

तीन ओळी, दोन वेगळ्या पानांवर. एकेक ओळ वाचली तर एका बाईला ताप आला आणि एक पोर अशक्त निघालं. तिन्ही शेजारी ठेवल्या की एक बाळंतीण दिसते. घाणेरड्या विळ्याने नाळ कापली गेली असेल, सुईणीचे हात धुतलेले नसतील, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग फणफणलं असेल. एका बाईबद्दल छातीठोक सांगता येत नाही, हिवतापही असू शकतो. पण अशी वही मी एक नाही, शेकडो गावांच्या पाहिल्या. पंधरा ते तीस वयाच्या बायका, कारण ताप, आणि आठ-पंधरा दिवस मागे गेलं की जन्माच्या पानावर एक बाळ. हे पुन्हा पुन्हा दिसतं. बाळंतरोग हा शब्द तेव्हाही भाषेत होता. वहीत मात्र त्याला जागा नव्हती.

माझ्या वर्गमैत्रिणींना मी एक वेगळा रकाना आठवून देतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि आपल्या दाखल्यावर एक ओळ असते, ‘शाळा सोडण्याचे कारण’. आपल्या दाखल्यावर लिहिलं आहे, ‘पुढील शिक्षणासाठी’. आठवीत आपल्या वर्गात होत्या आणि दहावीच्या फोटोत नाहीत, अशा मुली आठवा. त्यांच्या पुढे बहुधा लिहिलं असेल, ‘सतत गैरहजर’, नाहीतर ‘पालकांच्या विनंतीवरून’. कुणाचं लग्न झालं, कुणी धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिली, कुणाचे आईबाप उसतोडीला गेले. लिहिलेलं खोटं नाही, गैरहजर तर त्या होत्याच. पण ते कारण नव्हे. इथे बसलेल्या गुरुजनांना हे माझ्याहून जास्त माहीत आहे, कारण त्यांनी त्या मुलींच्या घरी खेपा घातल्या होत्या. ‘ताप’ आणि ‘सतत गैरहजर’ हे एकाच जातीचे शब्द आहेत.

तुम्ही म्हणाल, माणूस तर गेला, आता बरोबर कारण लिहून काय उपयोग? उपयोग मागे राहिलेल्यांना असतो. तीन उदाहरणं देतो आणि तिन्ही आपल्या जवळची.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था काढली. पोरं मरत होती. कशाने, हे कुणी लिहीत नव्हतं. त्यांनी मृत्यू झालेल्या प्रत्येक घरी जाऊन आईला विचारलं. बाळ कसं श्वास घेत होतं, दूध ओढत होतं का, अंग थंड पडलं होतं का. शव न उघडता, बोलून कारण शोधायचं. कळलं, की न्यूमोनियाने फार पोरं जातात. मग गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिथला बालमृत्यूचा दर हजारी १२१ वरून सुमारे ३० वर आला. आज आपल्या गावातली आशाताई बाळाच्या घरी भेटीला जाते, बाळाला तोलते, तिचं मूळ तिथे आहे.

दुसरं उदाहरण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावून पोरं मरायची. कारणात ‘विंचूदंश’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास लिहून काढला. विंचू चावल्यावर नेमकं काय होऊन माणूस मरतो हे पाहिलं. हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. मग प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरलं. शंभरात चाळीस दगावत, तिथे एखादाच दगावू लागला.

तिसरं सापाचं, आणि हे आपल्या शेतातलं आहे. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने टोरांटोच्या डॉ. प्रभात झा यांच्या चमूबरोबर लाखो घरी जाऊन मृत्यूंची चौकशी केली. तिला ‘दहा लाख मृत्यूंचा अभ्यास’ म्हणतात. त्यातून निघालं, की देशात वर्षाला जवळजवळ ४६ हजार माणसं सर्पदंशाने जातात. दवाखान्यांच्या नोंदींवरून निघणाऱ्या सरकारी आकड्याच्या हा तीस पटींहून अधिक होता. कारण साप चावलेला माणूस दवाखान्यात पोचतच नाही. तो रात्री मळ्यात पाणी धरताना चावून घेतो, भगताकडे जातो आणि वाटेत मरतो. आकडा लहान दिसला की सरकारी दवाखान्यात लस कमी येते. लस कमी आली की आकडा आणखी वाढतो, पण दिसत नाही.

आता आपल्या काळाकडे. आपल्या प्रत्येकाच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, आपल्या पोरांच्या दंडावर तो नाही. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. १९११ ते १९२१ च्या दशकात या देशात जन्मलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास निघत होतं, आज सत्तरच्या आसपास आहे. लोक म्हणतात, पूर्वी कुठे होते हे हार्ट अटॅक आणि कॅन्सर? थोडे कमी असतीलही, तंबाखू आणि बसून खाणं वाढलं आहेच. पण निम्मं उत्तर असं, की त्या आजारांच्या वयाला पोचण्याआधीच माणसं देवीने, तापाने, हगवणीने जात. आणि जे त्या वयाला पोचत, त्यांच्यापुढे लिहिलं जाई ‘म्हातारपण’. रेघ वर गेली म्हणजे रोग वाढला असं लगेच म्हणू नये. आयुष्य वाढलं का, ओळखणारा डॉक्टर आला का, रकाना नवीन झाला का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. तीस वर्षांच्या कामातून मी शिकलो ते एवढंच.

आणि आपला ‘ताप’ कोणता? आपला ताप म्हणजे ‘हृदयक्रिया बंद पडून’. अहो, मेलेल्या प्रत्येक माणसाची हृदयक्रिया बंदच पडते! तो शेवट झाला, कारण नव्हे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ओळी एकाखाली एक असतात. समजा एखाद्याला वीस वर्षं मधुमेह, त्याने मूत्रपिंडं गेली, अंगात पाणी झालं, मग हृदय थांबलं. तर मूळ कारण सर्वांत खालच्या ओळीत येतं, मधुमेह. वर नुसतं ‘हृदय बंद’ लिहून खाली कोरं सोडलं, तर तो माणूस हृदयरोगात मोजला जातो आणि तालुक्याला मधुमेहाचा दवाखाना मिळत नाही. हेही तेव्हाच, जेव्हा डॉक्टरने लिहिलं असेल. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं कारण आजही बहुतांशी कोतवालाच्या पद्धतीनेच येतं. घरचे सांगतात, ग्रामसेवक लिहितो.

म्हणून या मांडवाकडे माझी मागणी आहे. आपल्या वर्गातले दोघं ग्रामसेवक आहेत, एक पोलीस पाटील, तिघी परिचारिका, दोन डॉक्टर. म्हणजे हा रकाना भरणारे सगळे इथे जेवायला थांबले आहेत.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच तशी सोय आहे, त्यामुळे घरची गोष्ट चव्हाट्यावर येत नाही. कारण लिहिलं जातं ते आतल्या सूचनापत्रावर, अभ्यासाच्या भागात. म्हणून लाजू नका, खरं सांगा. २१ दिवसांच्या आत नोंद करा. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र मोफत द्यायचं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची, असं १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा सांगतो. ती प्रत मागून घ्या. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने पाहिलं, त्याच्याकडून लिहून घ्या. त्याच सूचनापत्रावर बाईच्या मृत्यूबाबत एक प्रश्न छापलेला आहे, मृत्यू गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला का? ग्रामसेवक मित्रांनो, घाईत असाल तर बाकी काहीही नंतर भरा, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका. १९२७ साली आमच्या घराच्या ओळीपुढे हा प्रश्न छापलेला असता, तर ‘ताप’ या शब्दावर काम भागलं नसतं.

आणि माणसाचं नाव लिहा. ‘याची बायको’ असं नको. आमच्याकडे एका नव्वदीच्या आत्याला ते नाव माहीत होतं, म्हणून ते वाचलं. मी वंशावळीत तिचं आणि त्या नऊ दिवसांपूर्वी जन्मलेल्या मुलीचं स्थान लिहून ठेवलं आहे. मुलीला नाव ठेवायला कुणाला वेळ मिळाला नव्हता.

गुरुजनांनो, तुम्ही आम्हाला हजेरी घेताना शिकवलंत, की उत्तर आलं नाही म्हणून पुढच्या नावाकडे जायचं नाही, आधी विचारायचं, ‘का रे आला नाही?’ तेवढाच प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलो. स्मरणिकेत आपल्या दिवंगत वर्गमित्रांची यादी छापली आहे. उरलेल्यांनी साखर, रक्तदाब तपासून घ्या. रात्री मळ्यात जाताना बॅटरी आणि बूट घ्या. तंबाखूबद्दल मी बोललो तर निम्मा मांडव उठून जाईल, म्हणून नुसतं नाव घेतो.

भरीत आणि पुऱ्या तयार असल्याचा निरोप मागून दोनदा आला आहे.